माकूळ गरवायला जाताना

जिग म्हटलं की आपल्या मेकॅनिकलवाल्यांना वर्कशॉप आठवतं, ड्रिल मशीन आठवतं आणि 'जिग आणि फिक्श्चर यातला फरक सांगा' हा व्हायवाचा प्रश्न आठवतो. पण समुद्रावरही एक जिग असते. बोटभर लांबीची, कोळंबीच्या आकाराची, शेपटीला छत्रीच्या काड्यांसारखे वर वळलेले बारीक गळ. या जिगने माकूळ पकडतात. जपानमध्ये ही हौस शेकडो वर्षांची आहे. तिथली जुनी जिग लाकडाची असे, आणि तिला 'एगी' म्हणतात. अलीकडे इंटरनेटवरचे व्हिडिओ बघून आपल्याकडच्या पोरांनाही ती मागवाविशी वाटते, आणि मुरुडच्या मित्राला फोन जातो, "येतोय रे शनिवारी, खोल पाण्यात जाऊ." तर मित्रहो, हा लेख त्या फोनचं सविस्तर उत्तर आहे.

आधी माकूळ म्हणजे काय ते बघू. (कुणी माकूल म्हणतं, कुणी म्हाकूळ. मेसच्या मेनूत 'स्क्विड' लिहिलं की भाव वाढतो, एवढाच फरक.) हा मासा नव्हे. शंख-शिंपल्यांच्या खानदानातला हा प्राणी, पण घर सोडून पळालेला. आठ हात, दोन लांब सोंडा, तीन हृदयं आणि तांब्यामुळे निळसर दिसणारं रक्त. पाठीत पारदर्शक प्लॅस्टिकच्या पट्टीसारखं एक पातं असतं. याचा जो जाडा चुलतभाऊ, त्याच्या पाठीत पांढरा खडूसारखा तुकडा असतो. तो आपल्या किनाऱ्यावर वाहून येतो, आणि त्यालाच आपण समुद्रफेन म्हणतो.

माकूळ पळतं ते जेटने. अंगाच्या पिशवीत पाणी घ्यायचं आणि नळीतून जोरात सोडायचं. सगळी पिशवी एकाच क्षणी आवळली जावी म्हणून त्याच्या शरीरात भलत्याच जाड मज्जातंतू असतात, नुसत्या डोळ्यांना दिसतील इतक्या. हॉजकिन आणि हक्सले यांनी याच तंतूंवर प्रयोग करून मज्जातंतूतला विद्युत संदेश कसा धावतो ते समीकरणांत मांडलं आणि १९६३ चं नोबेल घेतलं. इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांनी ताटातल्या माकुळाकडे जरा आदराने बघायला हरकत नाही.

आता मूळ मुद्दा, खोल पाणी. व्हिडिओतल्या जपानी माणसाला बंदरापासून थोडं पुढे गेलं की तीस-चाळीस मीटर पाणी मिळतं. आपल्याकडे तसं नाही. मुंबई हायचं तेलक्षेत्र किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटरवर आहे, आणि तिथे पाणी किती, तर साधारण ७५ मीटर. म्हणजे सरासरी उतार २००० ला १ च्या आसपास. हॉस्टेलच्या बाथरूमला आपण याच्या वीसपट उतार देतो आणि तरी पाणी तुंबतं! त्या सरासरीने ३० मीटर पाण्यासाठी ६० किलोमीटर जावं लागेल. तळ काही फुटपट्टीने आखलेला नसतो, त्यामुळे हा आकडा अंदाजाचाच. पण होडी ताशी सात सागरी मैलांनी गेली तरी साडेचार तास नुसतं जायला, तेवढेच यायला, आणि डिझेल वेगळं. २०० मीटरच्या पुढचा खरा खोल अरबी समुद्र तर त्याच्याही बराच पलीकडे राहतो. तिथे जांभळ्या पाठीची मोठी माकुळं रात्री वर येतात हे खरं. पण ते काम मोठ्या जहाजांचं, शनिवार-रविवारचं नव्हे.

यातली चांगली गोष्ट अशी की आपलं नेहमीचं माकूळ तेवढं खोल राहतच नाही. ते शेल्फवरचंच, म्हणजे किनाऱ्यालगतच्या या उथळ पट्ट्यातलं. दिवसा तळाजवळ असतं, रात्री वर येऊन विखुरतं. त्याची अट खोलीपेक्षा पाण्याच्या नितळपणाची जास्त. माकूळ डोळ्यांनी शिकार करतं आणि राजपुरी खाडीच्या तोंडाशी पाणी असतं गढूळ. म्हणून जंजिरा, पद्मदुर्ग मागे टाकून, पाण्याचा रंग मातकट-हिरव्यावरून निळसर होईपर्यंत बाहेर जायचं. तेही पावसाळ्यानंतर. १ जून ते ३१ जुलै मासेमारीला बंदीच असते, आणि नारळी पौर्णिमेनंतरही समुद्र निवळायला वेळ लागतो.

साधन फार लागत नाही. रॉड-रीलची चैन नसली तरी हातात तंगूस पुरतो. जिग साधारण तीन सेकंदांत एक मीटर बुडते, म्हणजे २० मीटरला एक मिनिट. होडी नांगरलेली असेल आणि प्रवाह एक सागरी मैल ताशी, म्हणजे सेकंदाला अर्धा मीटर असेल, तर त्या मिनिटात जिग ३० मीटर बाजूला वाहून जाते. तळ खाली, जिग भलतीकडे, आणि वरचा गडी म्हणतो "मासाच नाही". उपाय दोन. जिगच्या पुढे शिसं लावून बुडण्याचा वेळ कमी करा, नाहीतर नांगर न टाकता होडी प्रवाहाबरोबर सोडा, म्हणजे होडी आणि जिग दोघी बरोबरच वाहतील. तळ लागला की दोन हिसके वर, मग ताण ठेवून सावकाश खाली जाऊ द्यायची. माकूळ बहुतेक वेळा खाली जाणाऱ्या जिगलाच धरतं. ओढ लागत नाही, ओली पिशवी अडकल्यासारखं जड लागतं. या गळांना उलटा काटा नसतो, म्हणून एकसारखं ओढत राहायचं. तंगूस क्षणभर ढिला पडला की माकूळ गेलंच. आणि वर आल्यावर त्याचं तोंड स्वतःकडे ठेवू नका. शाई कपड्यांवरून सहज जात नाही.

जिगच्या रंगावर दुकानदार तासभर बोलतील. गुलाबी घ्या, नारिंगी घ्या. माकुळाच्या डोळ्यात बहुधा एकच रंगद्रव्य असतं, म्हणजे ते रंगांधळं. त्याला कळतो तो उजेड-अंधारातला फरक. गडद आणि फिकी अशा दोन जिगा घेतल्या तरी पुरे.

आता उजेडाचं. जगभर माकूळ पकडतात ते दिवे लावून. दिव्याखाली बारीक जीव जमतात, त्यांच्यामागे लहान मासे, आणि होडीच्या सावलीच्या कडेला माकूळ दबा धरून बसतं. अर्जेंटिनाजवळच्या समुद्रात अशा जहाजांचे एवढे दिवे असतात की अवकाशातून काढलेल्या रात्रीच्या फोटोत तिथे शहर असल्यासारखं वाटतं. मग आपणही जनरेटर आणि चार एलईडी फ्लडलाइट घेऊन जावं, असं कुठल्याही इंजिनिअरला वाटणारच. पण आपल्या किनाऱ्यावर हे करायचं नाही. एलईडी लावून पर्ससीन जाळ्यांनी मासळी उपसणाऱ्या बोटी आल्या, तेव्हा गळ आणि छोट्या जाळ्यांवर पोट असलेल्या कोळ्यांची मासळी त्यांच्यापर्यंत पोचण्याआधीच उचलली जाऊ लागली. किनाऱ्यावर जागोजाग आंदोलनं झाली. नोव्हेंबर २०१७ मध्ये केंद्र सरकारने १२ सागरी मैलांपलीकडच्या भारतीय पाण्यात एलईडीची मासेमारी बंद केली. २०२१ मध्ये राज्याने आपल्या १९८१ च्या मासेमारी कायद्यात दुरुस्ती करून दंड वाढवले. बंदी मोडणारे अजूनही आहेत आणि अंधारात दूरवर उजेड दिसला की होडीवरचे लोक काय बोलतात, ते मासिकात छापण्यासारखं नाही. तुम्ही हौसेला गेलात तरी तुमचा उजेड त्यांना तसाच दिसणार. शिवाय माकुळाचं आयुष्य जेमतेम वर्षाचं आणि ती जमतात ती बरेचदा अंडी घालायला. कर्नाटकाच्या किनाऱ्यावर पाण्यात झावळ्या सोडून जाड्या चुलतभावाला असंच जमवून पकडतात. त्यात अंडी आणि आई दोन्ही जातात.

उजेड नाही, तर मग पंचांग. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, प्रवाह जोराचा, जिग टिकत नाही. अष्टमीनंतर एक-दोन दिवसांनी भांग असते, पाणी संथ. त्यातही वद्य पक्ष घ्या, कारण वद्य नवमी-दशमीला चंद्र मध्यरात्रीनंतर उगवतो. संध्याकाळपासून तोवर काळोख आणि संथ पाणी, दोन्ही एकदम मिळतं. सबमिशनची तारीख आडवी आली तर तो आपला आणि डिपार्टमेंटचा प्रश्न.

आणि कुणाबरोबर जायचं? एकदरा, राजपुरीकडच्या जाणत्या तांडेलाबरोबर. त्याने हवामानाचा इशारा बघून "नको" म्हटलं तर नको. लाइफ जॅकेट अंगात, पिशवीत नाही. १ फेब्रुवारी २०१६ ला पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी मुरुडच्या किनाऱ्यावर बुडाले. ते खोल समुद्रात गेले नव्हते, किनाऱ्यालगत पाण्यात उतरले होते. त्यानंतर मुरुडमध्ये कॉलेजच्या पोरांना होडी द्यायला कुणी कचरत असेल तर त्याच्याशी वाद घालू नका.

मिळालं तर साफ करणं सोपं. डोकं ओढायचं म्हणजे आतडी आणि शाईची पिशवी बरोबर येते, पातं उपसायचं, वरची जांभळट साल सोलायची, चोच काढून टाकायची. गोल चकत्या करून आलं-लसूण आणि कोळी मसाला लावून मोठ्या आचेवर दोन मिनिटं, नाहीतर मंद आचेवर झाकून चांगला पाऊण तास. मधल्या वेळात उतरवलंत तर रबर होतं, आणि तसलं आपल्याला मेसमध्ये मिळतंच.