मोबाईल स्टार्टर आणि फोन करणाऱ्याचा नंबर

आपल्या अनेक ऊस उत्पादक सभासदांनी विहिरीवर, नदीकाठी मोटारीला मोबाईल स्टार्टर बसवून घेतला आहे. थ्री-फेज लाईट रात्री-अपरात्री येते, तेव्हा बॅटरी घेऊन बांधाबांधानं जायची दगदग वाचते. घरातून फोन लावला की मोटार चालू! पण हाच फोन दुसऱ्या कुणी लावला तर?

स्टार्टरच्या पेटीत एक सिम कार्ड असते. आपण फोन लावला की टेलिफोन कंपनी आपला नंबर पेटीला कळवते, तोही फोन उचलण्याआधी. यालाच कॉलर आयडी म्हणतात. पेटी तो नंबर आपल्या यादीशी ताडून पाहते. यादीत सापडला तर मोटार चालू करते, नाहीतर फोन तोडते. काही पेट्यांत कुणाचाही फोन चालेल अशीही सेटिंग असते. ती बंद आहे ना, हे बसवणाऱ्या मेकॅनिककडून आधी बघून घ्यावे.

ही युक्ती जुनीच. भारतात १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वांसाठी इंटरनेट सुरू झाले, तेव्हा कॉम्प्युटर टेलिफोनच्या तारेवरून फोन लावून जोडावा लागे. ऑफिसच्या कॉम्प्युटरलाही बाहेरगावची माणसे असाच फोन लावीत. त्यात कुणी भलताच शिरू नये म्हणून विंडोज २००० सर्व्हरमध्ये दोन सोयी होत्या. एक, ठरलेल्या नंबरावरून फोन आला तरच आत घेणे. दुसरी जास्त शहाणपणाची: आलेला फोन तोडायचा आणि नोंदलेल्या नंबरावर कॉम्प्युटरनेच उलट फोन लावायचा. नंबर खोटा दाखवता येतो, पण उलट फोन खऱ्या मालकाकडेच जातो. बँकेच्या नावानं येणाऱ्या फोनलाही हेच औषध लागू पडते. फोन ठेवावा आणि पासबुकावरच्या नंबरावर आपण लावावा.

मोटारीच्या बाबतीत मात्र खोट्या नंबरापेक्षा जुन्या यादीची भीती जास्त. सालगडी काम सोडून गेला, भावाभावांत वाटणी झाली, तरी त्यांचे नंबर पेटीत तसेच! बंद पडलेला नंबर तर कंपनी काही काळाने दुसऱ्याच गिऱ्हाइकाला देते. त्या परक्या माणसाचा फोन चुकून लागला तरी पेटी त्याला मालकच समजणार. पेटीला पासवर्ड असेल तर कंपनीने घातलेला तसाच ठेवू नये, आणि यादी दर हंगामाला तपासून नको ते नंबर काढून टाकावेत.

यादी कितीही चोख असली तरी विहिरीत कोण उतरलंय हे पेटीला दिसत नाही. घरून मुलानं पाण्याची पाळी म्हणून फोन लावावा आणि बापाचा हात त्याच वेळी वायरीवर असावा, असं होऊ शकतं. म्हणून फूट व्हॉल्व्ह, केबल वा मोटारीचे काम करताना मेन स्विच पाडावा, तिन्ही फ्यूज काढून स्वतःच्या खिशात ठेवावेत आणि मगच हात लावावा.