दुसरा कॉकाटील आणावा का?

डोक्यावर तुरा, गालावर नारिंगी ठिपका आणि करडी, पिवळी किंवा पांढरी पिसे असलेला कॉकाटील आता सोलापूरसारख्या शहरांतही घरोघरी पाळलेला दिसतो. दुकानदार त्याला सर्रास 'कॉकटेल' म्हणतात. वर्गात पाळीव प्राण्यांचा विषय निघाला की मुले हमखास विचारतात, "सर, आमचा पक्षी दिवसभर ओरडतो. त्याला जोडीदार आणला तर गप्प बसेल का? दोघे भांडतील का? तीन ठेवले तर चालतील का?" प्रश्न साधे वाटतात; पण त्यांची उत्तरे देण्यासाठी आपल्याला आधी या पक्ष्याच्या मूळ घरी जावे लागेल.

थव्यातला पक्षी

कॉकाटील मूळचा ऑस्ट्रेलियाच्या अंतर्भागातील कोरड्या, मोकळ्या प्रदेशातला. त्याचे शास्त्रीय नाव निम्फिकस हॉलंडिकस. दिसायला पोपटासारखा असला तरी तो काकाकुवांच्या कुळातला असून त्या कुळातील सर्वांत लहान पक्षी आहे. लांबी ३० ते ३३ सेंटीमीटर, त्यातील निम्मी शेपटीची; वजन जेमतेम ८० ते १०० ग्रॅम. त्या प्रदेशात पाऊस बेभरवशाचा. म्हणून गवताचे बी आणि पाणी जिकडे असेल तिकडे त्याचे थवे भटकतात.

हे चित्र सोलापूरकरांना अगदीच परके नाही. नान्नजच्या माळरानावर पखुर्डी हे पक्षी असेच सकाळी थव्याने पाणवठ्यावर येतात. थव्याचा फायदा काय, हे ज्वारीची राखण करणाऱ्या शेतकऱ्यालाही ठाऊक असते. गोफण उचललेली एका पाखराने पाहिली तरी सगळा थवा उठतो. डोळे अनेक असले की प्रत्येकाला पहारा कमी करावा लागतो आणि दाणे टिपायला जास्त वेळ मिळतो.

थव्यातील पक्षी एकमेकांना सतत हाका मारत असतात. सोबती नजरेआड झाला की हाक मोठी होते. घरातली माणसे कामाला गेल्यावर एकट्या कॉकाटीलने चालवलेला आरडाओरडा हा बहुधा हाच प्रकार असतो. त्याच्या दृष्टीने त्याचा थवा हरवलेला असतो. तेव्हा त्याला सोबत हवी, हे मुलांचे म्हणणे बरोबर आहे.

पण थव्यात पक्ष्याला दोन गोष्टी मिळतात. एक सोबत आणि दुसरी दूर होण्याची मोकळीक. शेजारच्याने चोच मारली तर तो उडून दुसऱ्या फांदीवर जातो. ऊन लागले तर सावलीत जातो. पिंजऱ्यात आपण सोबत देतो आणि मोकळीक विसरतो. दोन कॉकाटील एकत्र ठेवताना होणाऱ्या बहुतेक तक्रारींचे मूळ येथे आहे.

घाई नको

नवा पक्षी आणल्याबरोबर जुन्याच्या पिंजऱ्यात सोडू नये. त्याला ३० ते ४५ दिवस वेगळ्या खोलीत ठेवावे. पक्षी आजार लपवण्यात पटाईत असतात. रानात अशक्त दिसणारा पक्षी शिकाऱ्याचे पहिले भक्ष्य ठरतो, म्हणून ही सवय. या काळात आधी जुन्या पक्ष्याचे आणि मग नव्याचे दाणा-पाणी करावे व हात साबणाने धुवावेत. स्वयंपाकघरातील काट्यावर दर दोन दिवसांनी वजन करून लिहून ठेवावे. वजन दहा टक्क्यांनी उतरले तर पशुवैद्याकडे न्यावे. पोपटवर्गीय पक्ष्यांचा सिटॅकोसिस हा जिवाणूजन्य रोग माणसालाही होतो. पक्षी पाळणाऱ्या घरात कोणाला ताप आणि खोकला बराच काळ राहिला, तर घरात पक्षी आहेत हे डॉक्टरांना जरूर सांगावे.

त्यानंतर आठ-पंधरा दिवस दोन्ही पिंजरे शेजारी ठेवावेत. मग दोघांना खोलीत, पंखा बंद करून व खिडक्या लावून, एकत्र मोकळे सोडावे. शेवटी दोघांना मोठ्या पिंजऱ्यात न्यावे. जुनाच पिंजरा वापरायचा असेल तर तो धुऊन त्यातील दांड्या व भांडी यांच्या जागा बदलाव्यात, म्हणजे 'हे माझे घर' ही जुन्याची भावना थोडी सैल होते. एकाने मान वाकवावी आणि दुसऱ्याने त्याच्या डोक्याची पिसे विंचरावीत, हे जमल्याचे लक्षण. चोच उघडून फुत्कारणे, भांड्याजवळून सतत हुसकावणे, पिसे उपटणे, रक्त निघणे ही न जमल्याची लक्षणे. काही जोड्या कधीच जमत नाहीत. अशा वेळी दोन पिंजरे कायम ठेवण्याची तयारी असेल तरच दुसरा पक्षी आणावा.

आणखी एक गोष्ट मुलांना आधीच सांगावी. जोडीदार आल्यावर ओरडणे थांबेलच असे नाही, आणि जुना पक्षी खांद्यावर बसायला पूर्वीइतका येईलच असेही नाही.

जागा आणि भांडी

दोन कॉकाटीलसाठी पिंजरा किमान तीन फूट लांब, दोन फूट रुंद आणि दोन फूट उंच असावा. उंचीपेक्षा लांबी महत्त्वाची, कारण पक्षी आडवा उडतो. दाण्याची व पाण्याची भांडी प्रत्येकी दोन हवीत आणि ती एकमेकांपासून दूर टांगावीत. भांडी शेजारी शेजारी असली तर एकच दांडगा पक्षी दोन्हींवर पहारा करू शकतो. बसायला कडुनिंबाच्या किंवा पेरूच्या कमी-जास्त जाडीच्या फांद्या लावाव्यात.

बाजरी, ज्वारी, राळा हे दाणे आपल्याकडे सहज मिळतात. करडई व सूर्यफूल तेलकट असल्याने थोडेच द्यावे. नुसत्या दाण्यांवर अ जीवनसत्त्व कमी पडते. म्हणून शेवग्याचा पाला, मेथी, कोथिंबीर, गाजर रोज धुऊन द्यावे. कॅल्शियमसाठी समुद्रफेनाचा तुकडा अडकवावा.

तीन पक्षी ठेवले तर बहुधा दोघांची जोडी जमते आणि तिसरा एकटा पडतो. लव्हबर्ड सोबत ठेवू नयेत. ते आकाराने लहान असले तरी भांडखोर असतात आणि कॉकाटीलच्या पायाची बोटे चावतात.

नर की मादी?

दुकानातून 'जोडी' म्हणून आणलेले पक्षी दोन्ही नर किंवा दोन्ही माद्या निघणे ही नेहमीची गोष्ट. करड्या रंगाच्या प्रौढ नराचा चेहरा पिवळाधमक असतो व तो भरपूर शिट्ट्या घालतो. मादीचा चेहरा फिकट आणि शेपटीखाली आडवे पट्टे असतात. मात्र पहिली पिसे झडेपर्यंत, म्हणजे निदान सहा महिने, सारी पिल्ले मादीसारखीच दिसतात.

नर-मादी असतील तर अंडी येणार. एका वेळी साधारण चार ते सात अंडी घातली जातात आणि नर-मादी आळीपाळीने १८ ते २१ दिवस ती उबवतात. पिल्ले द्यायची कोणाला, हा प्रश्न अंड्यांच्या आधी सोडवावा. मादी नराशिवायही अंडी घालते. दिवस मोठा झाला की तिच्या शरीराला विणीचा इशारा मिळतो. घरात रात्री बारापर्यंत ट्यूबलाइट जळत असेल तर तोही तसाच इशारा ठरतो. पुन्हा पुन्हा अंडी घालून तिच्या हाडांतले कॅल्शियम संपते आणि अंडे अडकून ती दगावूही शकते. म्हणून पेटी ठेवू नये आणि पक्ष्यांना १० ते १२ तास अंधार मिळू द्यावा.

सोलापूरचा उन्हाळा

'हा कोरड्या मुलखातला पक्षी, त्याला ऊन काय करणार?' असे म्हटले जाते. येथे थोडे भौतिकशास्त्र आठवावे. पक्ष्याच्या शरीराचे तापमान सुमारे ४१ अंश सेल्सिअस असते. हवा त्याहून थंड असेल तरच अंगातील उष्णता आपोआप हवेत जाते. सोलापुरात एप्रिल-मेमध्ये पारा ४० अंशांच्या वर चढतो आणि पत्र्याच्या घरात छताखालची हवा त्याहून तापते. मग उरतो एकच मार्ग, बाष्पीभवनाचा. पक्ष्याला घामाच्या ग्रंथी नसतात. तो चोच उघडून धापा टाकतो व पंख अंगापासून दूर धरतो. रानातला कॉकाटील अशा वेळी झाडाच्या सावलीत बसतो. पिंजऱ्यातल्याला तसे करता येत नाही.

म्हणून पिंजरा छताजवळ टांगू नये, कारण गरम हवा वर जाते. दुपारी तो घरातल्या सर्वांत थंड खोलीत खाली ठेवावा, खिडकीला ओले गोणपाट किंवा वाळ्याचा पडदा लावावा, आंघोळीसाठी पसरट भांडे द्यावे आणि पाणी दिवसातून दोन-तीनदा बदलावे. कूलर चालवताना खिडकी थोडी उघडी ठेवावी. बंद खोलीत हवा दमट होते आणि पक्ष्याचे बाष्पीभवन मंदावते. एका पक्ष्याला जेमतेम पुरणाऱ्या घरात उन्हाळ्याच्या तोंडावर दुसरा आणू नये.

रात्रीही एक धोका असतो. अंधारात अचानक आवाज झाला की कॉकाटील घाबरून पिंजऱ्यात सैरावैरा उडतो. एक उडाला की सगळे उडतात. शेतात जीव वाचवणारी ही सवय तारांच्या आत पंख मोडणारी ठरते. दिवाळीचे फटाके किंवा गड्ड्याच्या यात्रेतील शोभेचे दारूकाम असेल त्या दिवशी जवळ मंद दिवा ठेवावा.

वर्गासाठी

कॉकाटीलच्या पिसांतून बारीक भुकटी पडते. दमा असलेल्या मुलांना तिचा त्रास होतो, म्हणून पक्षी वर्गात आणू नये. त्याऐवजी ज्यांच्या घरी दोन पक्षी आहेत त्यांनी सुटीच्या दिवशी २० मिनिटे निरीक्षण करावे. दर दोन मिनिटांनी प्रत्येक पक्षी काय करतो ते लिहावे: खातो, झोपतो, पिसे विंचरतो, हाक मारतो, भांडतो, दूर जातो. दोघांतील अंतरही अंदाजे सेंटीमीटरमध्ये नोंदवावे.

ज्यांच्याकडे पक्षी नाहीत त्यांनी शाळेच्या आवारातल्या चिमण्या पाहाव्यात. दाणे टिपणारी एक चिमणी एका मिनिटात किती वेळा मान वर करते? दोन असताना किती आणि दहा असताना किती? आकड्यांचा आलेख काढावा. (येथे एक सूचना: आपला गळपट्टेवाला पोपट पकडणे किंवा पाळणे हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, त्याचे निरीक्षण झाडावरच करावे.)

दोन्ही नोंदी शेजारी ठेवल्या की चर्चेला विषय मिळतो. कॉकाटीलच्या तक्त्यात 'दूर जातो' हा रकाना पाहावा. तो आठवडाभर रिकामा राहिला, तर मुलांना विचारावे: त्या पक्ष्याला दूर जायचे नव्हते, की जायला जागाच नव्हती?