सर्च केलं, नाव नाही मिळालं? आधी स्पेलिंग बदलून बघा

मतदार यादीत नाव शोधलं, मिळालं नाही. जुनी नोटीस शोधली, तीही नाही. मग आपण म्हणतो, "नावच गाळलंय." पण बऱ्याचदा नाव तिथंच असतं, फक्त वेगळ्या अक्षरांत. सीमाभागात आणि महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपल्या लोकांना हा अनुभव जास्त येतो.

असं का होतं?

सर्चच्या चौकटीला आपला अर्थ कळतोच असं नाही, ती अक्षरं जुळवते. गुगल थोडंफार समजून घेतं. पण सरकारी साइटवरच्या सर्चमध्ये एका अक्षराचा फरकसुद्धा आडवा येऊ शकतो. चौगुले हे आडनाव घ्या. इंग्रजीत कुणी 'सीएच'नंतर 'ओयू' लिहितं, कुणी 'एयू', कुणी 'ओडब्ल्यू'. एकाच घरात तिन्ही सापडतील! त्यात कर्नाटकात कागद कन्नडमध्ये, गुजरातेत गुजरातीत. लिपी बदलली की स्पेलिंगही घसरतं.

गावाच्या नावाचंही तेच

1 नोव्हेंबर 2014 पासून इंग्रजीत 'बेलगाम'चं अधिकृत नाव 'बेळगावी' झालं. म्हणजे त्याआधीचा कागद हवा असेल तर जुनं स्पेलिंग टाका, नंतरचा हवा असेल तर नवं. आपण इंदूर म्हणतो, हिंदीत इंदौर. आपलं ग्वाल्हेर तिथं ग्वालियर. बडोद्याचं वडोदरा झालं, तरी बँकेच्या आणि विद्यापीठाच्या नावात जुनं बडोदाच आहे. दोन्ही रूपं टाकून बघायलाच हवीत.

काय करायचं?

- मतदार यादीत नावाऐवजी ओळखपत्राचा एपिक नंबर टाका. नव्या कार्डांवर तो तीन इंग्रजी अक्षरं आणि सात आकडे असा असतो. इथं स्पेलिंगचा प्रश्नच येत नाही.
- गुगलवर नेमके शब्द हवे असतील तर ते दुहेरी अवतरणचिन्हांत लिहा.
- एकाच साइटवर शोधायचं असेल तर इंग्रजीत 'साइट' लिहून कोलन द्या आणि जागा न सोडता साइटचा पत्ता लिहा. पुढे एक जागा सोडून शब्द टाका.
- कन्नड किंवा गुजराती टाइप करता येत नसेल तर त्या भाषेतल्या साइटवरून नाव कॉपी करून पेस्ट करा.
- लांबलचक वाक्य नको. आधी दोनच शब्द टाका.

पीडीएफमध्ये सापडत नसेल तर

बऱ्याच पीडीएफ म्हणजे स्कॅन केलेली चित्रं असतात. त्यात कंट्रोल आणि एफ दाबून काही मिळणार नाही. युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमधल्या मराठी फायलींचंही तेच. दिसतं मराठी, पण आत साठवलेली अक्षरं वेगळीच. अशा वेळी मतदान केंद्राचा भाग क्रमांक काढा आणि पान पान डोळ्यांनी बघा. त्याला पर्याय नाही.

घाई नको

सर्चमध्ये दिसलं नाही म्हणून लगेच नव्या नोंदणीचा फॉर्म 6 भरू नका. एकाच माणसाचं नाव दोनदा नोंदवता येत नाही. नाव असून स्पेलिंग चुकलं असेल तर दुरुस्तीसाठी फॉर्म 8 आहे. खरंच नाव नसेल तर मात्र फॉर्म 6. खात्री होत नसेल तर आपल्या भागातल्या बीएलओंना भेटून यादी बघा. मतदानाच्या दिवशी केंद्रावर जाऊन वाद घालण्यापेक्षा आजची दहा मिनिटं परवडली.