रोबस्टाची बाजू

कॉफीवर लिहायचं म्हणजे अरेबिकाची आरती ओवाळायची आणि रोबस्टाला कडू, भरड म्हणून दोन ओळींत वाटेला लावायचं, असा रिवाज पडला आहे. मला तो कधीच पटला नाही. भारतात पिकणाऱ्या कॉफीत सुमारे ७० टक्के रोबस्टा असते. ज्या बीवर कूर्ग आणि वायनाडमधले हजारो छोटे बागायतदार जगतात, तिची ओळख तरी नीट करून द्यायला हवी.

अरेबिकाचे गुण निर्विवाद आहेत. १००० ते १५०० मीटर उंचीवरच्या थंडाव्यात ती फळं सावकाश पिकवते. बीत साखर आणि तेल जास्त, कॅफिन साधारण १.२ टक्के, म्हणून कपात सुवास आणि हलका आंबटपणा उतरतो. पण झाड नाजूक. तांबेरा पानं झडवतो, पांढरा खोडकिडा खोड पोखरतो. १८६९मध्ये सिलोनमध्ये दिसलेल्या तांबेऱ्याने पुढे तिथली कॉफीच संपवली आणि त्या डोंगरांवर चहा आला. लायबेरिका आणि एक्सेल्सा या कॉफीच्या दुसऱ्या जाती आपल्याकडे कुंपणापुरत्याच उरल्या. तरी लायबेरिकाचं एक ऋण मानलं पाहिजे. १९४०च्या दशकात बाळेहोन्नूरच्या संशोधन केंद्राने दिलेल्या एस-७९५ या लाडक्या अरेबिकात तांबेऱ्याशी झुंजण्याचं बळ तिच्याकडूनच आलं.

आता रोबस्टा. तळहातावर दोन्ही दाणे घेऊन बघा. अरेबिकाचा लांबट, पोटावरची चीर नागमोडी. रोबस्टाचा गोलसर, चीर बहुधा सरळ. कॅफिन २.२ टक्क्यांच्या आसपास, त्यामुळे कीड तिच्या वाटेला फारशी जात नाही. अरेबिका स्वतःच्याच परागावर फळते; रोबस्टाला दुसऱ्या झाडाचा पराग लागतो, म्हणून बियांपासून लावलेल्या बागेत दोन झाडं सारखी नसतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये फुलोऱ्याचा पाऊस चुकला की वर्षाचं पीक गेलंच. आणि वंशाचंच म्हणाल, तर अरेबिका ही मुळात दोन रानटी जातींच्या संकरातून जन्मली, आणि त्यांतली एक रोबस्टाचीच जात, कॅनेफोरा. लेकीचं कौतुक करताना बापाला नावं ठेवायची, हा कुठला न्याय?

रोबस्टा बदनाम झाली ती तोडणी आणि वाळवणीतल्या हयगयीमुळे. कूर्गमधल्या एका खळ्यावर एका वृद्ध बागायतदाराने सालासकट वाळत घातलेली मूठभर फळं, म्हणजे चेरी, माझ्या कानाशी हलवली. आत दाणा खुळखुळला, तेव्हा कुठे ती गोळा करायला त्यांनी परवानगी दिली. शेजारी धुतलेला माल होता: फक्त लालबुंद फळं वेचलेली, साल काढलेली, चिकट गर सुटेपर्यंत मुरवून स्वच्छ पाण्यात धुतलेली. रोबस्टाचा गर दाट, त्याला अरेबिकापेक्षा जास्त वेळ द्यावा लागतो. अशा पार्चमेंट रोबस्टाची कॉफी जिभेवर भरीव लागते, कडवटपणा मऊ होतो, मागे कोकोची चव रेंगाळते. 'कापी रोयाल' हा आपला उंची माल यातूनच निघतो. इटलीतले मुरलेले भाजणारे एस्प्रेसोवरच्या जाड फेसासाठी रोबस्टा मुद्दाम मिसळतात. कॉन्जेन्सिस या जातीशी संकर करून बाळेहोन्नूरने काढलेली सी-बाय-आर तर आणखी सौम्य.

तरीही काही जाणकार म्हणवणारे रोबस्टाला फक्त इन्स्टंटच्या डब्यालायक ठरवतात. निष्काळजीपणे वाळवलेली, बुरसटलेली चेरी पिऊन त्यांनी सगळ्या जातीवर शिक्का मारला आहे. तसा माल अरेबिकाचा असता, तर तोही तोंडात धरवला नसता.

माटुंग्यातल्या जुन्या दुकानांत कॉफी मागितली की आधी प्रश्न यायचा: पीबी (फळात एकच असलेला गोल दाणा) की प्लँटेशन (धुतलेली अरेबिका), रोबस्टा किती, चिकोरी किती? गिऱ्हाइकालाही उत्तर ठाऊक असायचं. आज चकचकीत पाकिटावर 'शंभर टक्के अरेबिका' एवढं छापलं की काम भागतं. बी कुठली, कधी भाजली, याचा पत्ता नसतो. तिकडे बागांमध्ये मजूर मिळत नाहीत, म्हणून हिरवी-लाल फळं एकदमच ओरबाडली जातात. चेरीलाही भाव येऊ लागल्यावर धुण्याची मेहनत कोण घेणार? ही कला अशीच विरत जाईल.

ती टिकवणं आपल्याच हातात आहे. पुढच्या वेळी दुकानात धुतलेली रोबस्टा नावाने मागा आणि तिचा योग्य भाव द्या. मागणी आली, तर बागायतदार पुन्हा लाल फळं निवडून वेचेल.