वेदनेवर मिरचीचा उतारा

नागीण बरी होऊन तीन महिने लोटले तरी बरगड्यांवरची आग शमेना, म्हणून डॉक्टरांकडे गेलेल्या एका वाचक भगिनींना मिरचीच्या अर्काचे मलम लिहून मिळाले. तेव्हा आगीवर आग कशी चालावी, आणि चालत असेल तर परसातल्या लवंगी मिरच्यांचा लेप घरीच का करू नये, असे त्यांनी पत्राने विचारले आहे.

मिरची आपल्या मुलखात उपरी आहे. अमेरिका खंडातली ही वनस्पती सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या गलबतांतून आपल्या किनाऱ्यावर उतरली, आणि चरकसुश्रुतांना ठाऊक असलेल्या मिऱ्याचे नाव घेऊन नंदुरबारपासून भिवापूरपर्यंतच्या शिवारांत अशी रुजली की तिच्या परकेपणाची आठवणही कोणास उरली नाही. तिखटपणा बियांत असतो ही समजूत मात्र खरी नव्हे. बिया ज्या पांढुरक्या गराला बिलगलेल्या असतात त्यात तो उपजतो, आणि त्याच्या मूळ द्रव्याला १८७६ साली थ्रेश या रसायनज्ञाने कॅप्सेसिन हे नाव दिले.

हे द्रव्य त्वचेस भाजत नाही. त्वचेत पसरलेली मज्जातंतूंची टोके म्हणजे गावाच्या वेशीवर बसविलेले जागले. उष्णता ४३ अंशांच्या वर चढली की त्यांनी घंटा वाजवून मेंदूच्या कचेरीत वर्दी द्यावी, असा शिरस्ता. कॅप्सेसिन नेमकी तीच घंटा वाजवते, आणि आग नसता आगीची वर्दी जाते. परंतु घंटा दिवसामागून दिवस वाजत राहिली म्हणजे जागल्यांचे त्राण सरते, मात्रा मोठी असेल तर ती टोकेच त्वचेतून मागे हटतात, आणि नागिणीने बिघडविलेल्या तंतूंच्या खोट्या वर्द्याही त्यासरशी मंदावतात.

ही घंटा कोणती, हे डेव्हिड ज्युलियस यांनी १९९७ साली शोधले आणि २०२१ चे नोबेल पारितोषिक त्यांना विभागून मिळाले, ते यथायोग्यच. पण जागले थकतात, हे त्यापूर्वी अर्धशतक हंगेरीतील सेगेड नगरीच्या मिक्लोश यान्चो यांनी ओळखले होते, आणि त्यांचे नाव आपल्याकडे कोणी घेत नाही याची मला मनापासून खंत वाटते. सेगेड हे मिरचीचेच गाव. पत्नीने रात्रीच्या जेवणात वाढलेली मिरची खाण्याची इच्छा नव्हती म्हणून ती प्रयोगशाळेत नेली आणि तीत क जीवनसत्त्वाचे भांडार सापडले, असे सेंट-ग्यॉर्गी यांनी सांगितले ते याच गावातले. त्यांना १९३७ साली नोबेल मिळाले. यान्चोंनी त्याच मिरचीच्या तिखटाकडे पाहिले. कॅप्सेसिन वारंवार दिलेले प्राणी पुढे इतर दाहक रसायनांनाही दाद देत नाहीत, हे त्यांच्या ध्यानात आले. पत्नी ऑरेलिया आणि शिष्य सोल्चानी यांच्यासह त्यांनी केलेल्या कार्याचा प्रमुख निबंध इंग्रजीत प्रसिद्ध झाला तो १९६७ साली, आणि यान्चो १९६६ सालीच निवर्तले होते.

आता भगिनींच्या दुसऱ्या प्रश्नाविषयी. परसात मिरची अवश्य लावावी, परंतु लेप करू नये. एकाच झाडाच्या दोन मिरच्यांत तिखटाचे प्रमाण सारखे नसते, पाण्याचा ताण पडला की ते पालटते, आणि औषधाचा सारा भरवसा तर मोजमापावर आहे: नेहमीच्या मलमात कॅप्सेसिन शेकडा ०.०२५ किंवा ०.०७५ इतकेच असते, आणि शेकडा ८ ची जी पट्टी निघाली आहे ती वैद्यकीय देखरेखीखालीच लावावयाची असते. मलम फुटलेल्या कातडीवर लावू नये; लावल्यावर हात साबणाने धुवावेत, कारण हे द्रव्य नुसत्या पाण्यात विरघळत नाही. गुण यावयास काही आठवडे लागतात. आरंभीची जळजळ पाहून ते अर्ध्यावर टाकून देऊ नये, डॉक्टरांनी घालून दिलेली मुदत पुरी करावी, एवढी त्यांना विनंती आहे.