कुत्रं गेलं, तरी धडधड का थांबत नाही?

रात्री गल्लीतून येताना उभ्या रिक्षाखालून कुत्रं अचानक भुंकत अंगावर येतं. आपण दचकून मागे सरतो. कुत्रं निघून जातं, पण घराशी पोचलो तरी छाती धडधडतेच. किल्ली कुलपात नीट जात नाही, इतका हात थरथरतो. असं का होतं?

शरीरात निरोप पोचवायच्या दोन वाटा आहेत. मज्जातंतू म्हणजे फोन. ज्याला लावला त्यालाच वाजतो आणि ठेवला की संपला. सर्वांत वेगवान तंतूंमधून संदेश सेकंदाला सुमारे १०० मीटर धावतो.

संप्रेरकं, म्हणजे हॉर्मोन्स, ही मात्र गावभर पिटलेली दवंडी. मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोपीसारख्या दोन अधिवृक्क ग्रंथी असतात. मज्जातंतूंचा इशारा मिळताच त्या रक्तात अ‍ॅड्रेनलिन सोडतात आणि साधारण मिनिटभरात ते रक्ताबरोबर अंगभर फिरतं. हृदय जोर धरतं, श्वासनलिका रुंदावतात, यकृत साठवलेली साखर रक्तात ओततं. पोटाचं काम तेवढं मंदावतं. पळायच्या वेळी जेवण पचवून काय करायचं!

संकट टळल्याचं मेंदूला लगेच कळतं. पण पिटलेली दवंडी परत घेता येत नाही. रक्तातलं अ‍ॅड्रेनलिन मोडायला काही मिनिटं जातातच. तोवर मेंदूतून हृदयाकडे उतरणारा व्हेगस मज्जातंतू ठोके आवरत असतो. श्वास सोडताना त्याचा लगाम अधिक घट्ट होतो. म्हणून पुढच्या वेळी दचकलात, तर श्वास घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ द्या.