बाखरबाबांचा पाणलोट

जुन्नर-आंबेगावला पाण्याचा मुलूख म्हणायला हरकत नाही. माणिकडोह, वडज, येडगाव, पिंपळगाव जोगे आणि डिंभे अशी कुकडी प्रकल्पाची पाच धरणे या दोन तालुक्यांत आहेत. पण आळेफाट्याहून नगरच्या रस्त्याला लागले की आणे पठारावर हे वैभव संपते. तिथून पारनेर-संगमनेरकडे पसरलेला माळ पर्जन्यछायेतला. स्वित्झर्लंडच्या वालिस प्रांतातून आलेल्या एका कॅथलिक धर्मगुरूने आपल्या आयुष्याची बहुतेक वर्षे याच नगरी माळावर घालवली. फादर हर्मन बाखर त्यांचे नाव. गावोगावचे लोक त्यांना बाखरबाबाच म्हणत.

नगर जिल्ह्यातली कॅथलिक धर्मग्रामे वाढली तीच मुळी दुष्काळाच्या सावलीत. १८७६-७८च्या दुष्काळाच्या सुमारास जेझुइट फादर राहुरी तालुक्यात केंदळला आले. पहिल्या महायुद्धात इंग्रज सरकारने जर्मन फादरांना स्थानबद्ध करून मायदेशी धाडले, तेव्हा ती जागा पुढे स्विस जेझुइटांनी घेतली. चर्च, शाळा, बोर्डिंग, दवाखाना ही मिशनची ठरलेली चौकट. त्यांच्यापैकीच एक असलेले बाखर १९४८ साली भारतात आले, तेव्हा त्यांच्या वाट्यालाही हेच काम येणार होते. पण ज्यांच्यासाठी शाळा काढायची ती मुले आईबापांबरोबर ऊसतोडीला जाणार असतील, तर फळा-खडूने काय साधणार? १९६०च्या दशकात त्यांनी अहमदनगरला सोशल सेंटर सुरू केले. १९७२चा दुष्काळ आला. खडी फोडून लोक जगले, पण जमीन होती तशीच कोरडी राहिली.

पाण्याची टंचाई बाखरांना परकी नव्हती. त्यांचा वालिस हा आल्प्सच्या कुशीतला प्रांत असला तरी कोरडाच. तिथले शेतकरी शतकानुशतके बर्फाचे पाणी डोंगरकडेने पाट काढून शेतात आणतात. आपल्या खानदेशातल्या फड पद्धतीसारखीच तिथेही पाण्याच्या पाळ्या ठरलेल्या असतात.

१९८९च्या सुमारास बाखरांच्या पुढाकाराने भारत-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रमाची आखणी झाली. जर्मनीचा पैसा, नाबार्डची देखरेख आणि काम गावाचे. खाते पाणलोट समितीच्या नावावर, त्यामुळे गावाला हिशेब विचारता येई. पैसा मिळण्याआधीच्या अटी मात्र कडक होत्या: श्रमदान, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी. १९९३मध्ये सहकारी क्रिस्पिनो लोबो यांच्यासह त्यांनी ‘वॉटर’ ही संस्था काढली.

कामाची रीत पाहण्यासारखी होती. नुसता नकाशा पुढे ठेवून भागत नसे. नवरा-बायको दोघांनीही तंत्रज्ञाबरोबर आपल्या गटातून चालायचे, बांध कुठे आणि फळझाड कुठे हे तिथेच ठरवायचे. समपातळी रेषा आखायला दोन पट्ट्या आणि पाण्याने भरलेली पारदर्शक नळी. दोन्हीकडचे पाणी एका खुणेवर आले की तिथे चुन्याची फक्की टाकायची. चौथी शिकलेली बाईही हे करू शकते. काम माथ्यापासून पायथ्याकडे. मला यातली खरी हुशारी तंत्रात दिसत नाही. पैसा येण्याआधी अख्ख्या गावाला एका मताला आणणे, हे चर खोदण्यापेक्षा अवघड.

संगमनेर तालुक्यातले दरेवाडी हे त्याचे ठळक उदाहरण. वर्षाचा पाऊस जेमतेम चार-साडेचारशे मिलिमीटर. उन्हाळ्यात टँकर, पावसाळा सरला की मजुरीसाठी स्थलांतर. १९९६पासून तिथे काम झाले आणि उजाड माळाला गवत आले, विहिरींना पाणी टिकू लागले. अशा कामांच्या अनुभवावर नाबार्डचा पाणलोट विकास निधी उभा राहिला. केंद्राच्या १९९९-२०००च्या अर्थसंकल्पात त्याची घोषणा झाली.

पण सगळे गोडच नव्हते. चराईबंदीचा पहिला फटका शेळ्या-मेंढ्यांवर पोट भरणाऱ्यांना बसतो. बागाईतदाराला ती सोपी, भूमिहीनाला महाग. शिवाय पाणी मुरल्याची चाहूल लागली की बोअर मारण्याची घाई होते, आणि मुरलेले सारे उपसायला फार वर्षे लागत नाहीत. जमिनीचा इलाज झाला, पाण्याच्या वाटपाचा व्हायचा आहे.

बाखर २०२१ साली स्वित्झर्लंडमध्ये वारले, वयाच्या ९७व्या वर्षी. त्यांनी दाखवलेली वाट मात्र आणे पठारालाही खुली आहे. धरणाचे पाणी उचलून पठारावर आणा, ही तिथली मागणी जुनी आहे आणि रास्तही. पण ती मान्य होईपर्यंत पठारावरच्या ग्रामपंचायतींनी एक जीप करून दरेवाडीला जाऊन यावे. जाताना सोबत महिला बचतगटाच्या बायका न्याव्यात, आणि मेंढपाळांनाही वगळू नये.